काळी मुसळी ओळखायला मुळी उपटावी लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या पावसातल्या रानफुलांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडेच पानभर मजकूर आला. जूनमधल्या जंगलाला वृत्तपत्रात एवढी जागा मिळाली याचा आनंद आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी लवकर दुरुस्त व्हायला हव्यात. ‘काळी मुसळी’ म्हणून छापलेले छायाचित्र काळ्या मुसळीचे नाही. ते सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, आणि गवताळ माथ्यांवर उगवणाऱ्या हायपॉक्सिस ऑरियाचे आहे. दुसरी चूक यापेक्षा गंभीर आहे. ओळख पक्की करायची असेल तर रोप हळूच उपटून मुळी काळी आहे का ते पाहावे, असा सल्ला लेखाच्या शेवटी दिला आहे. सुटीच्या दिवशी जंगलात जाणाऱ्या शंभर वाचकांनी तो मनावर घेतला तर शंभर रोपे जातील, आणि ओळख त्यातल्या एकाचीही पटणार नाही. ती का पटणार नाही आणि रोपाला धक्का न लावता ती कशी पटवायची, हे सांगण्यासाठी हे पत्र.

काळ्या मुसळीचे शास्त्रीय नाव कुर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गेर्टनर यांनी १७८८ साली ते दिले. जुन्या पुस्तकांत ती नागदवण्याच्या कुळात सापडते. आता तिचे कुळ वेगळे धरतात, हायपॉक्सिडेसी. छायाचित्रातले हायपॉक्सिस त्याच कुळातले आहे. दोन्हींची फुले पिवळी, सहा पाकळ्यांची, चांदणीच्या आकाराची, त्यामुळे नुसते वरून पाहिले तर गल्लत होणे अगदी स्वाभाविक आहे. फरक आहे तो फुलाच्या तोंडात नव्हे, फुलाच्या खाली.

आधी जागा पाहावी. काळी मुसळी ही पानझडी जंगलाची वनस्पती आहे. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू यांच्या विरळ सावलीत, मुरमाड उतारावर, पालापाचोळ्याच्या थरातून ती वर येते. विदर्भातली आणि सातपुड्यातली कोरडी जंगले हे तिचे हमखास ठिकाण. कोकणात आणि घाटाच्या पायथ्याशीही ती मिळते, पण तिथेही झाडाखाली किंवा झुडपांच्या कडेला. उघड्या कातळावर, पाणी साचणाऱ्या सड्यावर, घाटमाथ्याच्या दाट धुक्यातल्या गवतात पिवळी चांदणी दिसली तर मनात आधी हायपॉक्सिस यायला हवे. जागेवरून निकाल देता येत नाही, पण संशय कुठल्या दिशेने घ्यायचा ते जागा सांगते. आपल्या छायाचित्रात मागे लाल जांभा दगड आणि आखूड गवत दिसते आहे. तिथेच शंका यायला हवी होती.

मग वेळ. वळवाच्या सरींनी किंवा मोसमी पावसाच्या पहिल्या आठवड्यात पाने वर येतात आणि त्यांच्याबरोबरच, कधी कधी पाने पुरती उलगडण्याआधीच, फुले सुरू होतात. जून आणि जुलै हे मुख्य महिने. त्यानंतर तुरळक फुले मिळतात. एका रोपावर साधारणपणे एका वेळी एक, फार तर दोन फुले उघडी असतात. फूल सकाळी उमलते आणि एकाच दिवसाचे असते. दुपार कलल्यावर गेलात तर पाकळ्या मिटून सुकलेल्या दिसतील आणि हाती फक्त एक तपकिरी धागा लागेल. म्हणून सकाळी आठ ते अकरा ही वेळ धरावी. ढगाळ दिवस असेल तर थोडा जास्त अवधी मिळतो.

पिवळे फूल दिसले की पाकळ्या मोजाव्यात. इतकी साधी गोष्ट, पण बहुतेक जण ती करत नाहीत. या दिवसांत जमिनीलगत फुलणाऱ्या लहान पिवळ्या फुलांपैकी गोखरू, आंबुशी, घोळ यांना पाच पाकळ्या असतात. सहा भरल्या की ही सगळी मंडळी एका झटक्यात बाजूला होतात. काळ्या मुसळीच्या सहाही पाकळ्या सारख्या असतात (शास्त्राच्या भाषेत ही परिदले, कारण वेगळी हिरवी निदले या फुलाला नसतात). प्रत्येकीची लांबी एक ते दीड सेंटिमीटर, रुंदी चार-पाच मिलिमीटर. पूर्ण उमललेले फूल रुपयाच्या नाण्याएवढे किंवा त्याहून जरा मोठे दिसते. आत सहा पुंकेसर असतात, त्यांचे तंतू अगदी आखूड आणि परागकोश लांबट. मधोमध तीन भागांत विभागलेली कुक्षी. बाहेरच्या तीन पाकळ्यांच्या पाठीवर लव असते. ती भिंगातून सहज दिसते. दहा पट मोठे दाखवणारे साधे घडीचे भिंग पुरते.

आता खरी परीक्षा. फुलाच्या तळापासून नजर हळूहळू खाली न्यायची. बोटही लावायचे नाही, कारण हा भाग चटकन मोडतो. फुलाच्या अगदी खाली, पाकळ्या जिथे एकत्र येतात तिथे, फुगीर गाठ आहे का? हायपॉक्सिसमध्ये ती असते. ते त्याचे अंडाशय. तिथून खाली केसाळ, बारीक फुलदांडा असतो, अडीच ते दहा सेंटिमीटरचा, आणि तो एक किंवा दोन फुले घेऊन पानांमधून वर आलेला स्पष्ट दिसतो. काळ्या मुसळीत फुलाखाली अशी गाठ नसतेच. पाकळ्या एका बारीक, लव असलेल्या काडीवर बसवल्यासारख्या दिसतात आणि ही काडी दोन ते चार सेंटिमीटर सरळ खाली जाऊन पानांच्या बुडात नाहीशी होते. पाहणाऱ्याला ती फुलाचा देठ वाटते. तो देठ नव्हे. ती अंडाशयाची वर निघालेली लांब चोच आहे, आणि अंडाशय स्वतः पानांच्या आवरणात, जमिनीच्या पातळीला किंवा तिच्याही खाली बसलेले असते. खरा फुलदांडा त्याहूनही खाली, पानांच्या बुडांत झाकलेला.

केशराचे फूल ज्यांना माहीत आहे त्यांना हे चटकन लक्षात येईल. तिथेही अंडाशय मातीत असते आणि वर दिसतो तो देठ नसून फुलाचीच लांब नळी असते. दोन्हींची रचना नेमकी सारखी नाही, पण फळ धरणारा भाग मातीत ठेवायचा आणि परागीकरणापुरते फूल वर पाठवायचे, ही पद्धत तीच. कोरड्या जंगलात शेळ्या-गुरे आणि हरणे पहिला हिरवा कोंब खुडतात. पाने आणि पाकळ्या गेल्या तरी ज्या अंडाशयात फळ धरले आहे ते त्यांच्या तोंडी लागत नाही.

पानांचे बूड पाहायचे असेल तर त्याला रीत आहे. रोपाभोवतीचा पातेरा दोन बोटांनी बाजूला सारावा. माती खरवडू नये. सगळ्यात बाहेरच्या पानाचे बूड पांढुरके, पातळ, पडद्यासारखे असते. ते अलगद बाहेरच्या बाजूला वाकवले की आत लांबट, पारदर्शक वाटणारी छदे (फुलाखालची लहान पाने) दिसतात, आणि त्यांच्या कुशीत, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, फिकट हिरवा, लव असलेला फुगवटा. त्याच्या टोकातून ती बारीक काडी वर निघालेली असते. पावसाने माती धुपून गेलेल्या उतारावर हे न वाकवताही दिसते. दिसले की पान परत जागेवर सोडावे आणि पातेरा पुन्हा सारखा करावा. पातेरा उघडा ठेवला तर दोन उन्हांत तिथली ओल उडते. एक लक्षात असू द्यावे: एकाच रोपावर खालची फुले द्विलिंगी आणि वरची नुसती नर असू शकतात. नर फुलाच्या बुडाशी फुगवटा मिळाला नाही तर गोंधळून जाऊ नये. फुलाच्या लगेच खाली गाठ नाही, ही खूण तरीही कायम राहते.

फूल नसेल तेव्हा पानावर विसंबावे लागते, आणि इथे चुका फार होतात. काळ्या मुसळीचे पान लांबट, भाल्यासारखे, दोन्ही टोकांना निमुळते असते. लांबी बहुधा पंधरा ते पंचेचाळीस सेंटिमीटर, रुंदी अर्धा ते अडीच. त्याची मुख्य खूण म्हणजे उभ्या चुण्या. पान आडवे धरून टोकाकडून पाहिले तर ते सपाट नसते. एकामागून एक घड्या पडलेल्या असतात, ताडाच्या कोवळ्या पानाला पडतात तशा. संस्कृतात तिला तालमूली म्हणतात आणि केरळात निलप्पना, म्हणजे भुईवरचा ताड, ते यामुळेच. केरळात दशपुष्पांमध्ये, म्हणजे दहा मंगल मानलेल्या वनस्पतींमध्ये, तिची गणना होते. पानावर विरळ, लांब, मऊ केस असतात, विशेषतः कोवळेपणी. जून पानावरचे केस झडून गेलेले असू शकतात, त्यामुळे केस नाहीत म्हणून नापास करू नये. चुण्या मात्र पान सुकेपर्यंत राहतात. आणखी एक सुंदर खूण आहे, ती दरवेळी मिळेलच असे नाही. पान वाकून त्याचे टोक ओल्या मातीला टेकले की त्या टोकाला मुळे फुटतात आणि तिथे नवे रोप धरते. ऑगस्टमध्ये पातेरा न हलवता नुसते पानांच्या टोकांकडे पाहत गेले तर अशी जोडलेली रोपे सापडतात. पाने दिवाळीनंतर पिवळी पडून जिरतात आणि पुढच्या पावसापर्यंत जमिनीवर काहीही उरत नाही.

पानावरून गल्लत होणाऱ्यांत पहिला मान क्लोरोफायटमचा, म्हणजे सफेद मुसळी आणि तिच्या भावंडांचा, ज्यांच्या कोवळ्या पानांची भाजी आपल्याकडे फोडशी, कुली अशा नावांनी खातात. ही पाने गुळगुळीत, किंचित रसाळ आणि मधोमध एकच पन्हळ असलेली असतात. उभ्या चुण्या नाहीत, केस नाहीत. फूल आले की प्रश्नच मिटतो. ते पांढरे असते आणि पानांच्या वर निघालेल्या उंच, सरळ दांड्यावर ओळीने लागते. दुरून पिवळे वाटले तर ते परागकोशांमुळे. सफेद मुसळीच्या एका प्रसिद्ध जातीचे नाव मुंबईच्या बोरिवलीवरून ठेवलेले आहे, क्लोरोफायटम बोरिविलिॲनम. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी तिचे वर्णन केले. नावात दोन्हीकडे मुसळी असली तरी या दोन वनस्पतींचे कुळसुद्धा एक नाही. फोडशी समजून काळ्या मुसळीची पाने खुडली जातात ती पहिल्या पावसाच्या आठवड्यात, कारण तेव्हा दोन्हींची पाने वीतभरही झालेली नसतात. भाजी खुडणाऱ्याने पान उन्हाकडे धरून एकदा घड्या पाहाव्यात, एवढ्यानेच काम होते.

शिंदीची रोपटी हे दुसरे फसवे प्रकरण. त्यांच्याही पानाला चुण्या असतात. पण शिंदीचे पान कडक, टोकाला बोचरे, पूर्ण बिनकेसाचे असते, आणि लहान रोपाला बहुधा एक-दोनच पाने असतात. काळ्या मुसळीचे पान कागदासारखे पातळ आणि मवाळ असते, कमानीसारखे वाकते. गवताशी गल्लत झाली तर सांधा पाहावा. गवताच्या काडीला पेरे असतात आणि पान जिथे काडीपासून सुटते तिथे पातळ पडदा किंवा केसांची झालर असते. काळ्या मुसळीला वर काडीच नाही, सगळी पाने जमिनीतूनच एका जुडग्यात येतात.

जमिनीवरची ऑर्किड्स, विशेषतः युलोफिया आणि जिओडोरम, त्याच जंगलात त्याच सुमारास पाने काढतात आणि त्यांच्याही पानांवर उभ्या शिरा ठळक असतात. जातीच्या शास्त्रीय नावातच ‘ऑर्किडसारखी’ असा उल्लेख आहे, तेव्हा ही गल्लत जुनी म्हणायची. ऑर्किडची पाने सहसा रुंद असतात, त्यांची बुडे एकमेकांना गुंडाळून एक छोटे खोटे खोड तयार करतात, आणि त्यांवर लव नसते. फूल नसताना इथे खात्री देता येत नाही. अशा वेळी नोंदीत ‘संशयित’ लिहून पुढच्या जूनची वाट पाहणे हेच शहाणपणाचे.

बंगल्यांच्या आणि देवळांच्या आसपास जून महिन्यात पिवळ्या पावसाळी लिलीची, म्हणजे झेफिरँथस सिट्रिनाची, फुले येतात. तीही सहा पाकळ्यांची आणि पहिल्या पावसानेच उमलणारी. ती मूळची अमेरिकेतली, बागेतून बाहेर पडलेली. पोकळ, गुळगुळीत दांड्यावर एकच मोठे, नरसाळ्यासारखे फूल, खाली हिरवे अंडाशय उघडे दिसणारे, आणि पाने दोऱ्यासारखी अरुंद, मांसल. एकदा तुलना केली की पुन्हा चूक होत नाही.

आता उपटण्याविषयी. काळ्या मुसळीचे मूलक्षोड, म्हणजे जमिनीखालचे खोड (ज्याला आपण मुळी म्हणतो), उभे, सरळ खाली गेलेले असते. जुन्या रोपाचे वीतभरही भरते. त्याला बाजूने जाड, मांसल मुळे फुटलेली असतात. वरून ते काळपट तपकिरी आणि आतून पांढरे. पण मुरमाच्या जमिनीत वाढणाऱ्या कितीतरी वनस्पतींच्या गाभ्यावर अशीच काळपट साल असते, आणि ओल्या मातीत लडबडलेली कुठलीही मुळी काळीच दिसते. म्हणजे काळेपणा ही खूण फार तर ‘असू शकते’ एवढेच सांगते. उलट ज्या खुणेने निकाल लागतो ती अंडाशयाची जागा, आणि उपटताना नेमकी तीच नष्ट होते. पाने धरून ओढली की ती आवरणापाशी तुटतात, मूलक्षोड जमिनीतच राहते, ती बारीक काडी मध्येच मोडते आणि हातात सुटे फूल येते. मग त्याच फुलाकडे पाहून ‘देठावरचे फूल’ असे लिहिले जाते, आणि चुकीच्या नावाला आणखी एक पुरावा मिळतो. खुरप्याने खणून काढले तरी बाजूची मुळे तुटतात, अंडाशयाभोवतीची छदे फाटतात. परत पुरले आणि रोप कसेबसे जगले तरी त्या वर्षीचे बी गेले. एका फळात बिया फार थोड्या असतात, एक ते चार. काळ्या, चकचकीत, नागमोडी खाचांच्या आणि टोकाला चोच असलेल्या. या चोचीमुळेच गेर्टनरनी वंशाच्या नावासाठी सोंडकिड्याचा लॅटिन शब्द घेतला. फळ दीड सेंटिमीटरच्या आसपास, आणि तेही मातीच्या पातळीलाच पिकते.

आणखी एक धोका आहे आणि तो माणसाला आहे. काळी मुसळी आयुर्वेदात वापरतात हे सर्वश्रुत आहे, त्यामुळे ‘मुळी काळी निघाली’ एवढ्यावर ती घरी नेण्याचा मोह होतो. त्याच जंगलात, त्याच हंगामात कळलावीचे कोंब येतात. तिच्या कंदात कोल्चिसीन हे विष असते आणि ते जीवघेणे ठरते. पुढे कळलावीच्या पानांची टोके ताणांसारखी वळतात तेव्हा तिला कुणीही ओळखेल, पण खणणाऱ्याच्या हाती लागते ती पाने तुटलेली मुळी. जंगलात उपटलेली कुठलीही मुळी निव्वळ पुस्तकातल्या किंवा वृत्तपत्रातल्या वर्णनावरून पोटात घेऊ नये.

ओळख पटवून घेण्यासाठी छायाचित्रे पुरेशी असतात, फक्त ती नीट काढावी लागतात. नव्वद टक्के लोक एकच छायाचित्र काढतात, बरोबर वरून, फुलाच्या तोंडाचे. त्यात सहा पिवळ्या पाकळ्यांपलीकडे काही नसते आणि त्यावरून फोनमधले ॲपही हायपॉक्सिस, लिली, काहीही सांगते. ॲपचा त्यात दोष नाही, त्याला दाखवलेच तेवढे. पहिले छायाचित्र पूर्ण रोपाचे, आजूबाजूच्या पातेऱ्यासह घ्यावे. दुसरे फुलाच्या तोंडाचे. तिसरे सगळ्यात महत्त्वाचे: फोन जमिनीला टेकवून, आडव्या बाजूने, फुलापासून पानांच्या बुडापर्यंतची सगळी काडी एका चौकटीत येईल असे. चौथे पानाच्या मधल्या भागाचे, घड्या दिसतील अशा तिरप्या उजेडात. पाचवे पातेरा सारून बुडाचे. जमल्यास वर कोणती झाडे आहेत त्यांचे एक. एका छायाचित्रात तरी मोजपट्टी किंवा नाणे असावे, कारण हायपॉक्सिस आणि काळी मुसळी यांच्यातला आकाराचा फरक नुसत्या चित्रात कळत नाही. हायपॉक्सिसच्या पाकळ्या सहा ते आठ मिलिमीटरच्या आणि पान दोन ते सहा मिलिमीटर रुंद असते. पिवळा रंग उन्हात पांढरट उमटतो आणि पाकळ्यांवरचा बारकावा पार जातो. म्हणून आपली सावली फुलावर पाडावी आणि फोनमध्ये उजेड एक पायरी कमी करावा. वाऱ्याने काडी हलत असेल तर हातात धरू नये, वाऱ्याच्या बाजूला छत्री किंवा पिशवी आडवी धरावी.

छायाचित्राबरोबर तारीख, वेळ, तालुका, उताराची दिशा, मातीचा प्रकार आणि जवळची तीन-चार झाडे लिहून ठेवावीत. सुतळीचा एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन टाकून त्यातली फुलावर असलेली आणि नसलेली रोपे मोजली तर तीच जागा पुढच्या वर्षी पडताळता येते. नेमके ठिकाण मात्र जाहीर करू नये, तालुक्यापर्यंतच सांगावे. या मुळीला बाजारात भाव आहे आणि ठिकाण कळले की एका हंगामात तो उतार रिकामा होतो. शंका उरलीच तर पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात, आघारकर संशोधन संस्थेत किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये जपून ठेवलेल्या नमुन्यांशी तुलना करता येते. महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना आमची वेगळी विनंती आहे. सहलीला नेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून काळ्या मुसळीचा मुळासकट दाबलेला नमुना मागू नये. एका वर्गाला एक जुना नमुना आणि प्रत्येकाची पाच छायाचित्रे एवढ्यावर गुण देता येतात.

कायद्याचेही सांगायला हवे. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून कोणतीही वनस्पती उपटून नेणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि राखीव वनांना भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू आहे. दुसरीकडे, ज्या गावांचे जगणे जंगलावर आहे त्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने दिला आहे. आमचे म्हणणे त्यांच्याविरुद्ध नाही. मुळी काढायची तर ती पाने पिवळी पडल्यावर, बी मातीत पडून गेल्यावर काढावी, आणि वरचा कोंबासहचा दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा त्याच खड्ड्यात परत पुरावा, म्हणजे पुढच्या पावसात तो फुटतो. कुतूहल म्हणून जूनमध्ये, फूल उघडे असताना उपटणाऱ्याला मात्र हक्क नाही आणि गरजही नाही.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या रविवारच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी आणि छायाचित्राखालचे नाव हायपॉक्सिस ऑरिया असे करावे. जमल्यास शेजारी काळ्या मुसळीचे आडव्या बाजूने घेतलेले, काडी बुडापर्यंत दिसणारे छायाचित्र द्यावे. वरून घेतलेले दुसरे चित्र दिले तर गोंधळ वाढेल. रोप उपटून पाहण्याचा सल्ला मागे घेतल्याचे दुरुस्तीत स्पष्ट शब्दांत यावे, कारण तो मजकूर कापून ठेवणारे वाचक असतात. विदर्भातल्या जंगलांत फुले अजून तीन-चार आठवडे मिळतील, तेव्हा ही दुरुस्ती महिनाअखेरच्या अंकावर ढकलू नये.

आपले,
वनस्पतींचे काही अभ्यासक, अमरावती